ढमाले सरांचा टिचक्या

“ही पोरगी बोलतीया का नुसतेच ओठ हलवतीया?”

खोली बघून झाली होती. मी दाराबाहेर वाकून चपलेचा पट्टा लावत होते आणि आतून हे वाक्य आलं. पाठोपाठ घरमालकीणबाईंचा, म्हणजे काकूंचा आवाज, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा: “अवो, हळू! भाईरच हाय ती.”

“मग काय झालं? मला तिचं काय ऐकू आलं न्हाई, तिला माजं तरी येऊ दे.”

ढमाले सरांची आणि माझी ओळख ही अशी, भिंतीआडून सुरू झाली. मला राग आला नाही. माझ्याबद्दल लोक असंच बोलतात, फक्त इतक्या उघडपणे नाही. अकोल्यात माझी शाळा इंग्रजी माध्यमाची होती. इंग्रजी चुकेल म्हणून वर्गात हळू बोलायचं, आणि मराठीत मधेच इंग्रजी शब्द आला की चुलत भावंडं हसतात म्हणून घरीही हळूच. असं करता करता आवाज तिथंच राहिला. पुढे नोकरी मिळाली तीसुद्धा दिवसभर पडद्याकडे बघून बोटांनीच बोलायची. कंपनी हिंजवडीला होती, पण आठवड्यातले बरेच दिवस काम घरूनच चालायचं. म्हणून मी भुकूममध्ये, जरा आत, ढमाले सरांच्या तीन मजली इमारतीत वरची खोली घेतली.

इमारतीच्या एका बाजूला नव्या सोसायटीची निळी पत्र्याची भिंत होती आणि दुसऱ्या बाजूला सरांनी न विकलेला भाताचा तुकडा. सर त्या दोहोंच्या मधल्या ओट्यावर बसायचे. उंच, वाकलेले, पायजमा घोट्याच्या वर, शर्टाच्या खिशात पेन. आयुष्यभर पौडकडच्या एका शाळेत त्यांनी विज्ञान शिकवलं होतं. वर्गात अगदी पुस्तकी मराठी आणि घरी मावळातली, असा त्यांचा रिवाज होता. “वर्गातली भाषा वर्गातच खुंटीला टांगून यायची,” ते म्हणायचे. “घरी आनली तर बायकू वळखत न्हाई.”

त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं त्या सगळ्या रस्त्यावर पसरलेली होती. पेट्रोल पंपावर, बँकेत, हॉटेलांच्या गल्ल्यावर. कुणी नमस्कार केला की सर उलट नमस्कार करत नसत, प्रश्न विचारत. एकदा माझ्या स्कूटीवर मागे बसून ते पिरंगुटहून येत होते. समोरून जेसीबी आला आणि चालकाने रस्त्याच्या मधोमध मशीन बंद केलं.

“सर! कुटं निगाला?”

“आदी सांग, बेडूक श्वास कशानं घेतोय?”

मागे गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. चालक चाळिशीचा, मिशीवाला माणूस. त्याने हाताची घडी घातली. “फुप्पुसानं, तोंडाच्या अस्तरानं आन् कातडीनं, सर.”

“त्वचेनं म्हन. कातडीला मार्क न्हाईत.”

“आता कुटली परीक्षा, सर!”

“मशीन घिऊन कुटं चाललास?”

“वर. प्लॉट पाडायचेत. डोंगूर सपाट करायचाय.”

“मंग बराबर हाय,” सर म्हणाले, “कातडीच म्हन तू.”

तो हसला. सर हसले नाहीत.

सरांची स्वतःची स्कूटर त्यांच्या मुलाने काढून टाकली होती. मुलगा महाळुंग्याला फ्लॅटमध्ये राहायचा आणि वडिलांनी या वयात घाटरस्त्याला दुचाकी चालवू नये असं त्याचं म्हणणं होतं. तेव्हा पावसाळा लागल्यावर सर एका शनिवारी माझ्या दारात येऊन उभे राहिले. हातात घडी केलेली खताची रिकामी गोणी होती.

“तुला गाडी येती. मला रस्ता येतोय. चल.”

“कुठे, सर?”

“काय?”

“कुठे?”

“हां, पिशवीबिशवी काय नको. चल.”

त्यांना माझं बोलणं कळायचं नाही याची मला सवय होती. सगळेच मला “काय?” म्हणतात. मी दुसऱ्यांदा विचारते आणि तिसऱ्यांदा “काही नाही” म्हणते. सरांबरोबर तर बहुतेक वेळा पहिल्या फेरीतच “काही नाही” म्हणून टाकायचे. त्यांचं चालायचं. बोलायला ते एकटे पुरेसे होते.

आम्ही गेलो ते पौडच्या पुढे, मुळशी धरणाच्या अलीकडे, काकूंच्या माहेरी. घरामागे डोंगराचा उतार होता आणि उतारावर एक घळ. दोन्ही बाजूंनी करवंदीच्या जाळ्या, मधे शेवाळलेले दगड, वरून कायम काहीतरी ठिबकत असलेलं. सरांनी एका दगडावर गोणी अंथरली, “बस” म्हणाले, आणि घळीकडे तोंड करून, कुणाच्या घरात शिरताना म्हणावं तसं, “आलो रं” म्हणाले.

तिथं त्यांचा बेडूक राहायचा. गावात त्याला वेगळं नाव नाही. बेडूक म्हणजे बेडूक. पुस्तकातलं नाव सरांना माहीत होतं, पण ते घेत नसत. “लई लांब नाव हाय. त्यो बिचारा केवडा!” म्हणत. ते त्याला टिचक्या म्हणायचे, त्याच्या आवाजावरून. तो आवाज कसा, हे त्यांनी मला घरीच शिकवलं होतं. स्टीलचा पेला पालथा घालून त्यावर नखाने टिचक्या मारून दाखवल्या होत्या: टिच्. टिच्. टिच्-टिच्-टिच्. “सुरवातीला चाचपतोय. मंग धीर येतोय.”

टिचक्या अंगठ्याच्या पेराएवढा असतो. रंग वाळक्या पानासारखा, बोटांच्या टोकांना चपट्या गोल गाद्या, त्यामुळे उभ्या पानावरही चिकटून बसतो. ओरडतो तो फक्त नर. ओरडताना त्याच्या गळ्याखाली फुगा येतो, जवळजवळ त्याच्याएवढाच. आणि त्याची जी गोष्ट सर पुन्हा पुन्हा सांगत, ती त्याच्या पिल्लांची.

“बाकीच्या बेडकांची पोरं पान्यात. शेपटी घिऊन हिंडतात, मासं खातात त्यांना, डबकं आटलं की मरतात. ह्याची मादी पान्यात जातच न्हाई. ओल्या पाचोळ्यात अंडी घालती. आन् आतल्या आत, शेपटीबिपटी समदं उरकून, शेवटाला चार पायांचा आक्खा बेडूक भाईर! मुगाच्या दान्यायेवडा. शाळंत न बसता डायरेक पास.”

“पाणी लागतच नाही?”

“काय?”

“पाणी!”

“तळं नको, नदी नको. सावलीतली ओल पायजे. तेवडंच मागनं हाय त्याचं. झाड तोडलं, ऊन पोचलं, की ओल ग्येली. ओल ग्येली की अंडी वाळली. मंग त्यो कुटं पळत न्हाई. हितंच संपतोय.”

शोधायला मी झुडपात वाकले की ते रागवायचे. “बेडूक हुडकायचा नसतोय. बसायचं असतंय. त्याला वाटलं पायजे, आपन दगूड हाय.” बॅटरी लावू द्यायचे नाहीत. “लाईट मारली की इन्स्पेक्शनला साहेब आल्यावानी गप व्हतोय.” मला बसणं जमायचं. न बोलता बसण्यात माझा हात धरणारं कुणी नाही. मला वाटतं, सरांनी मला सोबत न्यायला सुरुवात केली ती स्कूटीमुळे, पण चालू ठेवली ती यामुळे.

टिचक्याची आणि सरांची पहिली भेट कशी झाली ते मला काकूंनी सांगितलं, भाकरी थापता थापता. लग्नानंतरच्या पहिल्या आखाडात त्या माहेरी आल्या होत्या. नव्या नवरीने आखाडात माहेरीच राहायचं, तशी पद्धत. आणि एक दिवस सर भेटायला आले.

“मला वाटलं, माज्यासाटनं आलेत. म्या लुगडं बदललं, केस इंचरले. ह्यांनी ओसरीवर च्या घेतला आन् कान टवकारला. ‘हे काय वाजतंय?’ म्हनले, आन् जे उटले ते करवंदीच्या जाळीत! माजा बाप म्हनतोय, ‘जावयाचं काय पडलं का रं तितं?’ अंधार पडाय लागल्यावर आले भाईर. अंगावर वरबाडे, शर्ट फाटल्याला, आन् मुठीत त्यो टीचभर बेडूक. मला दाखवतेत! समदी माजी भावंडं हसतेत आन् ह्ये दाखवतेत!”

“मग?” मी म्हटलं.

“मंग काय? म्या बघितला. लाजायचं त्याच्याकडं बघूनच लाजले.”

वडील गेल्यावर तो उतार काकूंच्या आणि त्यांच्या धाकट्या भावाच्या नावावर आला. भाऊ म्हणजे नामदेवमामा. मनाने वाईट माणूस नव्हे. येताना हमखास माझ्यासाठीसुद्धा करवंदं आणायचा. पण त्याचा हिशेब सरळ होता: उतारावर पिकत काहीच नाही, आणि आता तिथून धरण दिसतं म्हणून पुण्याचे लोक तिथं बंगले मागताहेत. काकूंच्या सहीशिवाय विकता येत नव्हतं, आणि काकूंनी एकच उत्तर दिलं होतं. “ह्यांचा बेडूक तितं हाय तवर सही न्हाई. मला सोडून ज्याच्यामागं पळालं, त्याचं घर तरी ऱ्हाऊ दे.” मामा दर खेपेला जाताना ओट्यावरच्या सरांना विचारायचा, “दाजी, तब्येत कशी हाय, तुमच्या बेडकाची?” आणि सर म्हणायचे, “तुज्यापरीस बरी.”

त्या पावसाळ्यात मात्र सर ते म्हणेनासे झाले.

शनिवारी आम्ही जायचो, गोणी अंथरायची, बसायचं. सर हात कानामागे धरून घळीकडे बघत राहायचे. ओढ्याचा आवाज यायचा, करवंदीतून वारा जायचा. आणि मला सगळीकडून काहीतरी ऐकू यायचं, बारीक, धातूचं, इकडून एक, तिकडून एक.

“सर, हा कुठला आवाज?”

“काय?”

“हा. टिक-टिक.”

त्यांनी मान तिरकी केली. बराच वेळ तशीच ठेवली. “रातकिडं,” ते म्हणाले. “पाऊस थांबला की चालू व्हत्यात. टिचक्या येगळा. त्यो ऐकलास की तुला इचारावं लागायचं न्हाई.”

मी मान हलवली. फोनवर शोधून बघितलं होतं, पण त्यातले सगळे आवाज मला एकसारखेच वाटले. सरांनी लग्नापासूनचे सगळे पावसाळे तिथं काढले होते. ते किडे म्हणतात म्हणजे किडे.

आधी ते म्हणायचे, “गप हाय आज.” मग, “कमी झाल्यात.” मग काहीच म्हणेनासे झाले. परतताना पौडजवळ चहाला थांबायचो, तिथं कुणी माजी विद्यार्थी नमस्कार करायचा आणि सर नुसताच हात वर करायचे, प्रश्न न विचारता. एकदा म्हणाले, “पलीकडच्या डोंगरावर रस्ता क्येला ना, तितलं ऊन हिकडं आलं. मला कळाय पायजे व्हतं.” आणि एका शनिवारी त्यांनी गोणी उलगडलीच नाही. उभ्या उभ्या घळीकडे बघितलं, “आलो रं” म्हणाले नाहीत, आणि मागे फिरले.

त्या संध्याकाळी काकूंना त्यांनी सांगितलं, “नामाला बोलाव. बेडूक ग्येला. आता कुनासाटनं आडून बसायचं?”

काकू तव्यावरची भाकरी उलटायची विसरल्या.

मामाचा लगेच फोन आला. पित्रं लागायच्या आत उरकू, म्हणाला. पितृपंधरवड्यात असला व्यवहार कुणी करत नाही. म्हणजे गणपतीच्या आसपास सगळं ठरणार होतं.

मधेच सरांना ताप आला. काकूंनी मला वर हाक मारली ती तापमापक बघायला, कारण तो नवीन, आकडे दाखवणारा होता. सर कॉटवर बसले होते, तापमापक काखेत.

“कवाधरनं धरलाय,” ते म्हणाले. “वाजतच न्हाई. बिघडलाय.”

तो वाजत होता. पी-पी-पी, पी-पी-पी. वाजून थांबला. मी काकूंकडे बघितलं. त्या दूध उतू जातंय का बघायला आत पळाल्या होत्या. मी हात पुढे केला. सरांनी तो काढून आधी झाडला, जुन्या पाऱ्याच्या तापमापकासारखा, आणि मग दिला. ताप फार नव्हता.

“बिघडलाय ना?”

“नाही, सर.”

“काय?”

मी मान हलवली. ती हो म्हणूनही घेता येत होती.

ताप उतरल्यावर ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसायचे, काकू स्वयंपाक करत असायच्या. मी भाजी निवडायला खाली जायचे. तेव्हा ते मधेच म्हणाले, “तू काचंच्या घालनं सोडलंस का?”

“काय काचंच्या?”

“बांगड्या. हल्ली वाजत न्हाईत.”

“ह्या काय मंग?” काकूंनी दोन्ही पिठाचे हात वर केले. हिरव्या, मनगट भरून. “ऐकलंस का, पोरी? आख्ख्या संसारात कवा बांगड्यांकडं बघितलं न्हाई, आन् आता म्हातारपनी ऐकाय निगालेत!”

त्या खदखदून हसल्या आणि पुन्हा भाकरी थापायला लागल्या. परातीवर प्रत्येक थापेबरोबर बांगड्या किणकिणत होत्या, पार माझ्यापर्यंत. सर त्यांच्या हातांकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर तक्रार नव्हती. एखादी नेहमीची गोष्ट घरातून कुणीतरी हलवली आहे आणि ती कोणती हे आठवत नाही, तसं काहीतरी होतं.

निवडलेली मेथी मी पुन्हा जुडीतच ठेवली.

इतके दिवस त्यांना माझं ऐकू येत नव्हतं, आणि माझा आवाज असा की त्यात कुणालाच काही नवल वाटलं नाही. मलासुद्धा. काकूंचा आवाज असा की तो भिंतीलाही ऐकू यावा. “सोयीचं तेवडंच ऐकू येतंय ह्यांना,” हा त्या घरातला जुना विनोद होता. मोठे, जाड आवाज त्यांना येत होते. हॉर्न, ढग, काकू. गेले होते ते बारीक. आणि बारीक गेलंय हे कळायला, ते कुठंतरी असायला हवं होतं हे आधी ठाऊक असावं लागतं.

पण मला तरी नक्की काय ठाऊक होतं? मी टिचक्या कधी ऐकलेलाच नव्हता. पेला ऐकला होता. ते खरंच किडे असले तर? एका घराचा ठरलेला व्यवहार, मी, भाडेकरू, वरच्या खोलीतून येऊन थांबवणार? आणि ते किडे नसतील, तर बेडूक आहे हे सांगण्यासाठी मला सरांना आधी दुसरंच काही सांगावं लागणार होतं. बेडूक गेल्याचं दुःख त्यांना झालंच होतं. ते परत घ्यायचं आणि त्या जागी हे ठेवायचं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी प्रयत्न केला. “सर, मला वाटतं, घळीत…”

“काय?”

“काही नाही.”

कागद तयार झाल्यावर मामा गाडी घेऊन आला. सही पुण्याला जाऊन करायची होती. आणि काकू ओट्यावर बसून राहिल्या.

“सही करायच्या आदी मला एकदा त्यो ऐकवा,” त्या सरांना म्हणाल्या. “माह्यारात पावसाळाभर कायबाय वाजायचं, पन त्यातला त्यो कंचा ते कवा कळलं न्हाई; एवडी वर्सं नुसतं नाव ऐकतीया. सयपाकघर सोडून कवा गेले न्हाई तुमच्यासंगं.”

“न्हाई त्याला काय ऐकवू तुला?”

“नसलेलं ऐकीन. चला.”

मामाने कपाळावर हात मारला, पण गाडी पौडकडे वळवली. काकूंनी मलाही गाडीत बसायला लावलं. “तू तर दर शनवारी जातीस. बसायची जागा तुला ठावं.”

आम्ही पोचलो तेव्हा दुपार उलटून गेली होती. भुरभुर पाऊस होता, धरणावरून ढग खाली आलेले. मामा छत्री धरून वर, फोनला रेंज मिळते त्या दगडावर उभा राहिला. सरांनी गोणी अंथरून काकूंना बसवलं, स्वतः उभे राहिले, हात कानामागे. मी जरा खाली, जाळीजवळ उकिडवी बसले.

आवाज सगळीकडून येत होता. त्यातला एक अगदी माझ्या कानाशी होता. मी मान न वळवता नुसते डोळे फिरवले, आणि करवंदीच्या पानावर, माझ्या तोंडासमोर, तो बसलेला होता. खरंच वाळकं पान. मग त्याच्या गळ्याखाली फुगा आला, साबणाच्या फेसाचा असावा तसा, आरपार उजेड दिसणारा. टिच्. फुगा आत गेला. पुन्हा आला. टिच्. टिच्. मग धीर आल्यासारखा, टिच्-टिच्-टिच्-टिच्. एवढ्याशा जिवाचं अख्खं अंग प्रत्येक आवाजाला हादरत होतं.

मागे काकू विचारत होत्या, “हे काय टिकटिकतंय मंग?”

“किडं असतील,” सर म्हणाले.

“सर,” मी म्हटलं. त्यांना ऐकू गेलं नाही. मी उठले, त्यांच्याजवळ गेले आणि त्यांची बाही धरली. त्यांना मी याआधी कधी हात लावला नव्हता. ते इतके चमकले की काही न विचारता माझ्यामागे आले. मी त्यांना जाळीसमोर बसवलं आणि बोटाने पान दाखवलं.

तो गप झाला होता. गळा सपाट.

सरांना दिसला. “हाय की,” ते पुटपुटले. “एकटा उरलाय. कुनाला हाक मारनार, म्हनून गप हाय.” आणि मग ते सवयीने दगड झाले. मीही.

फुगा आला. टिच्.

सरांनी फुग्याकडे बघितलं. तो भरला म्हणजे काय होतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? फुगा पुन्हा भरला, पुन्हा ओसरला. त्यांनी हळूहळू मान वळवली आणि बेडकाकडे बघायचं सोडून माझ्या तोंडाकडे बघू लागले.

“वाजतोय?” त्यांनी विचारलं. सरांना इतक्या हळू बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

मी मान हलवली.

“आत्ता?”

पुन्हा हलवली.

“आन् बाकीचे? वर, त्या अंगाला?”

मी वर हात दाखवला, मग पलीकडे, मग ओढ्याच्या बाजूला. हात दाखवता दाखवता मला थांबवेना, कारण ते खरंच सगळीकडे होते.

सरांनी चष्मा काढला, शर्टाने पुसला, तो आणखी ओला झाला. मग त्यांचा हात कानाकडे गेला, खिशात पाकीट आहे ना हे चाचपावं तसा, आणि तिथंच राहिला.

“मंजी मी यंदा आख्ख्या रानाला नापास क्येलं की गं,” ते म्हणाले.

पानावरचा तो चालूच होता. सर त्याच्या गळ्याकडे बघत राहिले. प्रत्येक फुग्याबरोबर त्यांची मान किंचित हलत होती, गाणं पाठ असलेल्या माणसाची हलते तशी.

“दाजी, चला आता!” मामा वरून ओरडला. “पाऊस वाढतोय. झालं का ऐकून?”

“काय म्हनतोय तुमचा बेडूक?” काकूंनी विचारलं. त्या गोणीवरून उठल्या होत्या आणि लुगड्याचा काठ पिळत होत्या. “हाय का न्हाई, एकदाचं सांगा. म्हंजी मी माज्या हातानं सही करायला मोकळी.”

सर माझ्याकडे वळले.

“तू सांग,” ते म्हणाले. “माज्या कानाचा शब्द आता चालायचा न्हाई. पन मोठ्यानं सांग, पोरी. मलाबी ऐकू आलं पायजे.”

मी उभी राहिले. मामा छत्री घेऊन खाली यायला लागला होता, काकू माझ्याकडे बघत होत्या, आणि सर खाली बसलेले, तोंड वर करून.

“काकू, सही करू नका!” मी म्हणाले. “टिचक्या आहे, सगळ्या घळीत आहे, आत्ता ओरडतोय. सरांना ऐकू येत नाही. मला येतं.”